आगोट आणि बुटांची कंपनी

नाते गावी राहून शिकवत होतो तेव्हाची गोष्ट. मुलांचे खेळाचे गणवेश स्पर्धा आटोपल्यावर चौथ्या दिवशी आले! कपडे शिवून तयार होते. नंबर छापणारा एकच, त्याच्याकडे रांग. पोरं बनियनवर धावली.

परवा नायकी कंपनीचा इतिहास वाचताना हे आठवलं. १९६४ साली ब्लू रिबन स्पोर्ट्स या नावानं सुरू झालेली ही कंपनी जपानी बूट अमेरिकेत विकायची. माल सारखा उशिरा यायचा. पुढे १९७०च्या दशकात तोडगा निघाला: दुकानदारानं पाच-सहा महिने आधी पक्की मागणी नोंदवायची, बदल्यात ठरल्या वेळी माल. म्हणजे आपली आगोटच की! सावित्रीला पूर येण्याआधी मीठ-मिरची भरून ठेवायची.

जून २००० मध्ये मात्र मागणीचा अंदाज बांधायला नवी संगणकप्रणाली आणली. नको ते बूट ढिगानं, हवे ते नाहीत. विक्रीत सुमारे १० कोटी डॉलरचा फटका बसला.

असो. पुढच्या वर्षी मी पावसाळ्यातच मापं दिली. गणवेश वेळेवर आले, पण तोवर तीन पोरं इतकी वाढली होती की त्यात मावेनात.