बंगळुरूचे विमान, आनंदीबाईंचे जहाज आणि ११ मिनिटे

११ जानेवारी २०२१ च्या पहाटे बंगळुरूच्या केंपेगौडा विमानतळावर एअर इंडियाचे एक विमान उतरले. सॅन फ्रान्सिस्कोहून निघून, उत्तर ध्रुवाच्या परिसरावरून सुमारे १६,००० किलोमीटरचे अंतर कापून, वाटेत कोठेही न थांबता ते सुमारे १७ तासांत येथे पोहोचले होते. कॅप्टन झोया अग्रवाल यांच्या नेतृत्वाखालील त्या विमानाच्या वैमानिक चमूत सर्व महिला होत्या. वृत्तपत्रांनी त्याची यथोचित दखल घेतली. एका गोष्टीची मात्र बातमी झाली नाही. विमानतळाच्या घड्याळात पहाटेचे साडेतीन-चार वाजत असताना त्या प्रवाशांच्या शरीरात दुपारचे दोन वाजून गेले होते. मनुष्य एका दिवसात पृथ्वीच्या जवळजवळ विरुद्ध बाजूस पोहोचला होता, त्याचे शरीर अद्याप निघालेलेही नव्हते.

या अवस्थेस आज ‘जेट लॅग’ म्हणतात. ती प्रवासाच्या शिणाने येते असा समज अजूनही रूढ आहे. शीण तर जहाजाच्या प्रवासातही होता, आणि आजच्यापेक्षा कितीतरी अधिक होता. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून जहाजाने निघाल्या आणि त्याच वर्षी ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. त्या वेळी त्यांचे वय अवघे १८ वर्षांचे होते. समुद्र, परका आहार, परकी माणसे, हे सर्व त्यांनी ५८ दिवस सोसले. परंतु जेट लॅग त्यांना होण्याचे कारण नव्हते, आणि का नव्हते हे साध्या भागाकाराने कळते. कलकत्ता आणि न्यूयॉर्क यांच्या रेखांशांत सुमारे १६२ अंशांचे अंतर आहे. एका अंशास ४ मिनिटे या हिशेबाने स्थानिक वेळेतील फरक सुमारे ६५० मिनिटांचा, म्हणजे १० तास ५० मिनिटांचा होतो. तो ५८ दिवसांत विभागला की दररोज सरासरी ११ मिनिटे येतात. पश्चिमेकडे जाणाऱ्या त्या प्रवासात आनंदीबाईंचा प्रत्येक दिवस सरासरीने २४ तास ११ मिनिटांचा होता. हा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा. तो पुढे पुन्हा येणार आहे, अगदी वेगळ्या ठिकाणाहून.

जहाजांचा हा मंद क्रम विमानांनी मोडला. १९३१ मध्ये वायली पोस्ट यांनी हॅरल्ड गॅटी यांच्यासह ८ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हा त्यांनी आधीपासूनच अनियमित वेळी झोपण्याचा सराव केला होता. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला गेले. १९६० मध्ये त्याच कंपनीची बोइंग ७०७ जेट विमाने न्यूयॉर्कपर्यंत जाऊ लागली. १९६६ च्या सुमारास ‘जेट लॅग’ हा शब्द अमेरिकी वृत्तपत्रांत दिसू लागला. शब्द जनसामान्यांत रुळला, पण त्यामागचे कारण प्रयोगशाळांतून आधीच हळूहळू उलगडू लागले होते. त्या उलगडण्यात दक्षिण भारताचा, आणि पुढे बंगळुरूचा, वाटा पुष्कळ आहे. आपल्याकडे तो फारसा सांगितला जात नाही.

चिंचेची पाने रात्री मिटतात हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. अलेक्झांडरच्या मोहिमेतील अँड्रोस्थिनिस याने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात पानांच्या या हालचालीची नोंद केली होती. ती पाने अंधारातही वेळ पाळतील काय, हा प्रश्न मात्र १७२९ पर्यंत कोणी प्रयोगाने विचारला नाही. त्या वर्षी फ्रान्समधील द मेरान यांनी लाजाळूसारखे एक रोप अंधारात ठेवले, तरी त्याची पाने दिवसा उघडत आणि रात्री मिटत राहिली. वेळ बाहेरून कळत नव्हती, ती रोपाच्या आतच होती. विसाव्या शतकात जर्मनीच्या ट्युबिंगेन येथील एर्विन ब्युनिंग यांनी वनस्पतींतील या आंतरिक घड्याळाचा पद्धतशीर अभ्यास केला.

याच ट्युबिंगेनला पुढे मारोळी कृष्णय्या चंद्रशेखरन हे भारतीय संशोधक पोहोचले. मद्रासच्या किनाऱ्यावरील वाळूत राहणाऱ्या एमेरिटा नावाच्या खेकडावर्गीय प्राण्याच्या हालचालींत भरती-ओहोटीचा आणि दिवस-रात्रीचा असे दोन्ही ताल टिकून राहतात, हे त्यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केले होते. ट्युबिंगेनला वुल्फगांग एंगेलमन यांच्याबरोबर त्यांनी फळमाशीच्या घड्याळावर प्रकाशाचे प्रयोग केले. घड्याळ सरकवण्यास लागणारी निळ्या प्रकाशाची ऊर्जा माशीच्या रात्रीच्या पूर्वार्धात आणि उत्तरार्धात सारखी नसते, असे त्यांनी १९७३ मध्ये दाखवले. प्रकाश किती, या प्रश्नाला प्रकाश केव्हा, या प्रश्नाविना अर्थ नाही. जेट लॅगचे सगळे शास्त्र या एका वाक्याभोवती फिरते.

भारतात परतल्यावर चंद्रशेखरन यांनी मदुराई कामराज विद्यापीठात जे काम उभे केले, त्यातील वटवाघळांचा प्रयोग विशेष सुंदर आहे. गुहेच्या खोल भागात सूर्यप्रकाश पोहोचत नाही. तरीही तेथील वटवाघळे संध्याकाळी नेमक्या वेळी बाहेर पडतात. जी. मारिमुत्तू, आर. सुब्बराज आणि चंद्रशेखरन यांनी गुहेतच काही वटवाघळे पिंजऱ्यात ठेवली. त्यांना बाहेर जाता येत नव्हते, उजेड दिसत नव्हता, तरी भोवतालचा थवा ये-जा करत असेपर्यंत त्यांचे घड्याळ २४ तासांशी जुळलेले राहिले. एकाकी ठेवलेल्या वटवाघळाचे घड्याळ मात्र आपल्या मूळ गतीने भरकटत गेले. १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाचा अर्थ असा, की काही प्राण्यांना सोबत्यांची हालचालही वेळ सांगू शकते. मदुराईतच त्यांनी माणसांसाठी कालसंकेतविरहित निवासकक्ष उभारला. घड्याळ नाही, खिडकी नाही, वृत्तपत्र नाही, अशा खोल्यांत स्वयंसेवक अनेक दिवस राहत. काहींच्या बाबतीत झोपेचा ताल आणि शरीराच्या तापमानाचा ताल एकमेकांपासून सुटून वेगळ्या गतीने चालू लागे. शरीरात घड्याळ एकच नसून ती अनेक आहेत, आणि ती एकाच वेगाने जुळत नाहीत. परदेशात पोहोचल्यावर झोप सावरली तरी भूक भलत्या वेळी का लागते, याचे उत्तर येथे आहे.

१९९० च्या दशकात चंद्रशेखरन बंगळुरूच्या जक्कूर भागातील जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात आले. तेथे शीबा वासू, विजय कुमार शर्मा, अमिताभ जोशी आणि चंद्रशेखरन यांनी १९९९ मध्ये एक विलक्षण निरीक्षण प्रसिद्ध केले. फळमाश्यांच्या ६०० पिढ्या अखंड उजेडात वाढवल्या गेल्या होत्या. एक पिढी सुमारे ३ आठवड्यांची धरली तर हा काळ ३० वर्षांहून अधिक होतो. ज्यांच्या शेकडो पूर्वजांनी रात्र पाहिलीच नव्हती, त्या माश्या अंधारात ठेवल्या तेव्हा कोषातून बाहेर येण्याची त्यांची दैनंदिन लय शाबूत असल्याचे आढळले. याच प्रयोगशाळेत पुढे पहाटे लवकर बाहेर येणाऱ्या आणि सायंकाळी उशिरा बाहेर येणाऱ्या माश्यांची पिढ्यान्‌पिढ्या निवड केली गेली. धनश्री परांजपे यांचा सहभाग असलेल्या या कामातून २००७ मध्ये दिसले, की लवकर येणाऱ्यांच्या घड्याळाचे आवर्तन आखूड आणि उशिरा येणाऱ्यांचे लांब झाले होते. पहाटे उठणारे आजोबा आणि दुपारपर्यंत झोपणारी नात यांच्यातील भेद आळसाचा नसून बहुधा घड्याळाचा असतो. घरोघरच्या वादांत हा पुरावा सादर करण्याजोगा आहे.

आता माणसाकडे वळू. १९९९ मध्येच हार्वर्ड येथील चार्ल्स झाइस्लर आणि सहकाऱ्यांनी मानवी घड्याळाचे मूळ आवर्तन अचूकपणे मोजले. ते सरासरी २४ तास ११ मिनिटे भरले. आनंदीबाईंच्या जहाजावरील सरासरी दिवसही तेवढाच होता. हा निव्वळ योगायोग आहे, आणि जहाजाचा वेगही रोज सारखा नव्हता. तरीही त्यातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. पश्चिमेकडे संथ जाणाऱ्या प्रवाशाला शरीराला ओढावे लागत नाही, ते आपल्या स्वभावानेच त्या दिशेने चालत असते. म्हणूनच युर्गन अ‍ॅशॉफ आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या आकडेवारीत घड्याळ मागे सरकण्याचा वेग दिवसाला सुमारे दीड तास, तर पुढे सरकण्याचा वेग सुमारे एक तास आढळतो.

घड्याळ कोणत्या दिशेने सरकेल हे प्रकाशाच्या वेळेवर ठरते. पॅट्रिशिया डीकोर्सी यांनी १९६० मध्ये उडत्या खारीवर हे दाखवले. रात्रीच्या आरंभी प्रकाश मिळाला तर घड्याळ मागे जाते, रात्रीच्या अखेरीस मिळाला तर पुढे. भौतिकशास्त्राच्या भाषेत हा दोलकाच्या फेजचा प्रश्न आहे. झोपाळा परत येत असताना दिलेला धक्का आणि पुढे जात असताना दिलेला धक्का यांचे परिणाम वेगळे होतात, तसेच हे. माणसात या दोन परिणामांमधील सीमा शरीराचे तापमान नीचांकावर असते त्या सुमारास, म्हणजे नेहमीच्या उठण्याच्या वेळेआधी साधारण अडीच तास येते.

मे महिन्याच्या सुट्टीत बंगळुरूहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेले एक मराठी कुटुंब डोळ्यांसमोर आणा. उन्हाळ्यात दोन्ही शहरांत साडेबारा तासांचा फरक असतो. शरीराने साडेबारा तास मागे जावे किंवा साडेअकरा तास पुढे, दोन्ही वाटा जवळजवळ सारख्याच लांब. त्यामुळे ‘पूर्वेला जाताना असे, पश्चिमेला जाताना तसे’ हा नेहमीचा सल्ला येथे निरुपयोगी ठरतो. साडेचारला उठणाऱ्या आजोबांची सीमा घरी रात्री २ वाजता असते, तर ९ वाजता उठणाऱ्या नातीची सकाळी साडेसहाला. सॅन फ्रान्सिस्कोच्या वेळेत त्या अनुक्रमे दुपारी दीड आणि संध्याकाळी ६ वाजता येतात. पोहोचल्याच्या पहिल्या दिवशी सारे जण मोठ्या उत्साहाने दुपारी ३ ते ५ समुद्रकिनारी फिरायला गेले, तर त्याच उन्हाने आजोबांचे घड्याळ पुढे आणि नातीचे मागे ढकलले जाते. एकाच घरातील दोन माणसे एकाच स्थानिक वेळेकडे विरुद्ध दिशांनी निघतात. आठवडाभर एकाला भूक लागते तेव्हा दुसऱ्याला झोप येते, आणि सर्वांना वाटते की आजोबांना तेथील हवा मानवली नाही.

उपाय दिशेच्या निवडीत आहे. साडेबारा तास मागे जाण्यास सुमारे ८ दिवस लागतात, साडेअकरा तास पुढे जाण्यास १२. अर्थात मागे जाणे सोयीचे. त्यासाठी पहिल्या दिवशी सकाळीच सर्वांनी मिळून बाहेर पडावे आणि आजोबांची सीमा गाठण्यापूर्वी, म्हणजे दीडपूर्वी, घरी यावे. त्यानंतर त्यांनी सूर्यास्तापर्यंत सावलीत राहावे, बाहेर पडणे भागच असेल तर गडद चष्मा लावावा. दुसऱ्या दिवशी ही मर्यादा ३ वाजता, तिसऱ्या दिवशी साडेचारला, अशी रोज सुमारे दीड तासाने पुढे सरकते. पाचव्या दिवशी ती संध्याकाळी साडेसातला येते. मे महिन्यात तेथे सूर्य ८ वाजल्यानंतर मावळतो, तेव्हा निर्बंध नावापुरताच उरतो. ही सारी गणिते सरासरीची आहेत आणि प्रत्येक शरीर त्यात थोडे पुढे-मागे असते, पण दिशा चुकत नाही. जेवणे तेथील वेळेनुसार आणि शक्यतो सर्वांनी एकत्र करावीत, कारण झोपेच्या घड्याळामागून येणाऱ्या इतर घड्याळांना अन्न हाही संकेत असतो. मेलाटोनिन हे १९५८ मध्ये अ‍ॅरन लर्नर यांनी शोधलेले संप्रेरक गोळीच्या रूपात मिळते. तेही प्रकाशाप्रमाणेच चुकीच्या वेळी उलट दिशेने काम करते, म्हणून मुलांना व वृद्धांना ते डॉक्टरांना विचारल्याविना देऊ नये.

परतीच्या प्रवासात साडेअकरा तास मागे सरकायचे असते, म्हणजे आणखी साडेसात-आठ दिवस. कर्नाटकातील शाळा मेअखेरीस किंवा जूनच्या आरंभी उघडतात. तिकीट काढताना ते दिवस त्या तारखेतून आधीच वजा करावे लागतात.