प्लास्टिकखालचा तांदूळ

जून २०२२ मधली एक बातमी माझ्या डोक्यातून जात नाही. कुवेत शहराबाहेरच्या अल-अरदिया सहकारी संस्थेच्या दुकानात भारतीय चहा ट्रॉल्यांत भरून बाजूला नेला गेला. तांदळाची पोती, मिरची-मसाल्यांच्या मांडण्या प्लास्टिकच्या कागदाने झाकल्या. वर अरबीत छापील पाट्या लावल्या की आम्ही भारतीय माल काढून टाकला आहे.

मी गोंदिया जिल्ह्यातला. १९९९ च्या मे महिन्यात भंडाऱ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा धानाचा. इथे मनुष्य बोलतो ते धानाबद्दल, भांडतो ते धानाच्या पाण्यावरून, आणि शहरात शिरताना राइस मिलची धुराडी दिसतात. त्यामुळे तांदळाच्या पोत्यावर कोणी कागद टाकला की आमच्यासारख्याला ते प्रेत झाकल्यासारखं दिसतं. बहुतेक ते पोतं बासमतीचं असणार, आमच्याकडच्या तांदळाचं नव्हे. पण लावणीत वाकलेल्या बाईने कुणाच्या पैगंबराबद्दल काय म्हटलं होतं? काहीच नाही. आणि तरीही मला त्या कुवेती दुकानदाराचा राग आला नाही. का आला नाही, त्याचा हा शोध.

आधी घटनांचा क्रम बघा. मे २०२२ च्या अखेरीस भाजपच्या तेव्हाच्या प्रवक्त्या नूपुर शर्मा एका वाहिनीवरच्या चर्चेत प्रेषित मुहंमदांविषयी बोलल्या. मुंबईत रझा अकादमीने तक्रार केली, पायधुनी पोलिसांनी गुन्हा नोंदवला. म्हणजे नागरिकाने जे करायचं ते झालं. आठवडाभर पक्षाच्या पातळीवर काही हललं नाही. मग आखातात भारतीय मालावर बहिष्काराची हाक फिरू लागली, ५ जूनला कतार आणि कुवेतने भारतीय राजदूतांना बोलावून घेतलं आणि त्याच दिवशी शर्मांचं निलंबन झालं. अल-अरदियातली पोती झाकली गेल्याची बातमी आली तोवर निलंबन होऊनही गेलं होतं. पण मुंबईतल्या अर्जदाराचं जे ऐकलं गेलं नाही ते दोह्याच्या गिऱ्हाइकाचं ऐकलं गेलं, हे देशातल्या मुसलमानाने पाहिलं. त्याला त्यातून काय वाटलं असेल, याचा विचार आपल्याकडे फार कोणी केला नाही.

आता बहिष्कार या शब्दाकडे येऊ. मराठीत हा शब्द दोन दारांनी आला आहे. एक दार टिळकांच्या चतुःसूत्रीचं: स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार, राष्ट्रीय शिक्षण. दुसरं दार त्याहून कितीतरी जुनं, गावकीचं. पाणी बंद, काम बंद, वाण्याकडचं मीठ-तेल बंद. बाबासाहेबांनी एप्रिल १९२७ मध्ये पाक्षिक काढलं त्याचं नाव 'बहिष्कृत भारत', ते या दुसऱ्या दाराची आठवण ठेवून. पहिल्या प्रकारात दुबळा गिऱ्हाईक बलाढ्य विक्रेत्याकडे पाठ फिरवतो. दुसऱ्या प्रकारात बलाढ्य गाव दुबळ्या माणसाकडे पाठ फिरवतं. शब्द एकच. ही गल्लत आपल्या सगळ्या चर्चेत चालते.

मुसलमानांनी धार्मिक दुखावलेपणातून मालावर बहिष्कार घालायचा, ही कल्पना भारतात सोशल मीडियाने आणलेली नाही. नोव्हेंबर १९१९, दिल्ली, खिलाफत परिषद. पहिल्या महायुद्धात तुर्कस्तान हरला होता, खलिफाचं काय होणार हा प्रश्न होता, आणि इंग्रजांनी दिलेला शब्द मोडला अशी भावना होती. मौलाना हसरत मोहानींनी ब्रिटिश मालावर बहिष्काराचा आग्रह धरला. हे मोहानी म्हणजे मोठे गझलकार, आणि स्वदेशी मालाचं दुकान स्वतः चालवलेला माणूस. विरोध कोणी केला? गांधींनी! आत्मचरित्रात त्यांनी ही हकिगत सविस्तर दिली आहे. त्यांचं म्हणणं सरळ होतं: जे पाळता येणार नाही त्याचा ठराव कशाला करता? सभेत बसलेल्या अनेकांच्या अंगावरच काही ना काही ब्रिटिश वस्तू होती. मग पर्याय काय, असं विचारलं गेल्यावर गांधी शब्द शोधू लागले. हिंदी-उर्दूत सापडेना, तेव्हा त्यांनी इंग्रजी शब्द वापरला: नॉन-कोऑपरेशन. आपला 'असहकार'. मुसलमानांच्या सभेत, बहिष्कारावरच्या वादात या शब्दाचा जन्म झाला, हे आमच्या शाळेच्या पुस्तकात कधी आलं नाही.

पुढे डिसेंबर १९२० मध्ये नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनात असहकारावर शिक्का बसला. आमचं गोंदिया तेव्हा मध्य प्रांतातल्या भंडारा जिल्ह्यात, नागपूर-कलकत्ता रेल्वेवरचं गाव. ३१ जुलै १९२१ ला मुंबईत परळला परदेशी कापडाची पहिली मोठी होळी झाली ती उमर सोबानी या मुसलमान गिरणीमालकाच्या आवारात. दोन वर्षांपूर्वी मोहानींना अडवणारे गांधी आता स्वतः काडी लावत होते. गांधींचं म्हणणं बदललं असं कोणी म्हणेल. मला वाटतं परिस्थिती बदलली होती: आता चरखा होता, सूत होतं, घालायला दुसरं काहीतरी होतं. दुसरं काही हाताशी असल्याशिवाय बहिष्कार टिकत नाही.

हे विणकराला सगळ्यात आधी कळलं असणार. कामठी, मालेगाव ही मोमीन विणकरांची गावं. परदेशी कापड नको म्हणणं हा त्यांच्यासाठी धर्मही होता आणि पोटही. पण याच मालेगावात एप्रिल १९२१ मध्ये खिलाफत चळवळीतून दंगल उसळली, पोलीस अधिकारी मारला गेला आणि पुढे काही जणांना फाशी झाली. तेव्हा खिलाफत म्हणजे नुसतं सूत आणि शांतता होती असं चित्र मी रंगवत नाही.

त्याच मालेगावात ऐंशी वर्षांनी काय झालं ते जास्त थांबून सांगायला हवं.

२६ ऑक्टोबर २००१, शुक्रवार. अमेरिकेने अफगाणिस्तानवर बॉम्बफेक सुरू करून तीन आठवडेही झाले नव्हते. जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर पत्रकं वाटली जात होती. मजकूर काय? अमेरिकी माल घेऊ नका, भारतीय माल घ्या. हे प्रकरण धर्माच्या अवमानाचं नव्हतं, युद्धाच्या निषेधाचं होतं. पण साधन तेच: दुकानात जाल तेव्हा ही वस्तू उचलू नका. पत्रकातल्या मजकुरातला अर्धा भाग तर टिळकांच्या सभेत खपला असता. राज्य राखीव पोलिसांनी पत्रकं हिसकावली, वाटणाऱ्याला पकडलं, बाचाबाची झाली, दगड आले, गोळीबार झाला. मग शहर पेटलं, आसपासच्या गावांत लोण गेलं, दिवसेंदिवस संचारबंदी. किमान बारा माणसं मेली. एका शीतपेयाची बाटली घेऊ नका, एवढं सांगणाऱ्या कागदावरून.

पोलिसांची बाजू असेलच. तणावाचे दिवस, मालेगावचा इतिहास, वरून आलेले आदेश. तरी मला हा प्रसंग महाराष्ट्राच्या इतिहासातला फार महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचं जेवढं व्हायला हवं होतं तेवढं चिंतन झालेलं नाही. चिडलेल्या माणसाच्या हातात जितकी साधनं असतात त्यात न घेणं हे सगळ्यात सौम्य. यात कोणाला हात लावावा लागत नाही. घोषणा देण्याचीही गरज नाही. ते साधनच हिसकावून घेतलं तर त्याच्या हातात मग काय उरतं?

आता जगाकडे वळू, कारण अवमान आणि बहिष्कार यांची थेट सांगड बाहेरच जास्त दिसते. १९९७ मध्ये नाइकेच्या बुटांवरचं 'एअर' हे अक्षरचिन्ह अरबी लिपीतल्या 'अल्लाह'सारखं दिसतं अशी तक्रार अमेरिकेतल्या मुसलमानांच्या संघटनेने केली, बहिष्काराचा इशारा दिला. कंपनीने ३८ हजार जोड परत मागवले आणि माफी मागितली. हिशोब साफ होता. ज्याने केलं त्याचाच माल, आणि त्यानेच दुरुस्त केलं.

डेन्मार्कचं तसं नव्हतं. ३० सप्टेंबर २००५ ला युलँड्स-पोस्टन या दैनिकाने बारा व्यंगचित्रं छापली. चार महिन्यांनी, जानेवारी २००६ च्या शेवटी, सौदीत डॅनिश मालावर बहिष्कार सुरू झाला. फटका कोणाला? आर्ला या दूधसंघाला. लोणी, चीज, दूध पावडर. चित्रकाराचा त्या लोण्याशी काय संबंध! आखातातली आर्लाची विक्री काही दिवसांत जवळजवळ शून्यावर आली, त्या वर्षी नुकसान ४० कोटी क्रोनरच्या घरात गेलं. कारफूरसारख्या फ्रेंच साखळीने आखातातल्या दुकानांतून डॅनिश माल उतरवला. आणि गंमत बघा, २०२० मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष मॅक्रों यांच्या वक्तव्यांनंतर बहिष्काराच्या यादीत कारफूरचंच नाव वर होतं. तिथली कारफूरची दुकानं चालवत होती दुबईची कंपनी. त्याच ऑक्टोबरात मुंबईत भेंडीबाजारच्या रस्त्यावर मॅक्रोंची पोस्टरं डांबरावर चिकटवलेली दिसली, वरून गाड्या जात होत्या. पोलिसांनी ती काढली.

२००६ मध्ये गोंदियाच्या बाजारात डेन्मार्कची कोणती वस्तू मिळत होती? मला एकही आठवत नाही. इथल्या घराघरांत तेंदूपत्ता कापून बिड्या वळल्या जातात, हजारी हिशोबाने मजुरी मिळते. बिडी वळणाऱ्या बाईच्या पिशवीत तांदूळ, तेल, मीठ, चहापत्ती, कपडे धुण्याचा साबण. हिंदू असो की मुसलमान, पिशवी सारखीच. ती दुखावली गेली तर काय घ्यायचं बंद करील? जे घेतच नाही ते बंद कसं करणार? रियाधच्या बाईने एका सकाळी लोण्याचा डबा परत ठेवला आणि कोपनहेगनपर्यंत बातमी गेली. आमच्याकडच्या बाईला आधी गिऱ्हाईक व्हावं लागेल, मग रुसता येईल. भारतातल्या मुसलमानांचे बहिष्कार बहुतेक वेळा पोस्टरावरच राहतात याचं कारण मला यात दिसतं. जिद्द कमी नाही, खरेदी कमी आहे.

अवमानाचे दुसरे दोन रस्तेही आहेतच. एक कायद्याचा. लाहोरच्या 'रंगीला रसूल' या पुस्तिकेच्या वादातून १९२७ मध्ये दंडविधानात २९५-अ कलम आलं. आणि दुसरा सुऱ्याचा. तो रस्ताही त्याच पुस्तिकेच्या मागे चालत आला: प्रकाशक राजपाल यांना न्यायालयाने सोडलं होतं, १९२९ मध्ये त्यांचा भोसकून खून झाला. हे लाहोरचं झालं म्हणून सोडून द्यावं तर आपल्या विदर्भातच, २१ जून २०२२ च्या रात्री अमरावतीत औषध दुकानदार उमेश कोल्हे दुकान बंद करून घरी निघाले असताना त्यांचा गळा चिरला गेला. नूपुर शर्मांच्या बाजूचा मजकूर त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे पाठवला, म्हणून हा खून झाला असं एनआयएचं आरोपपत्र सांगतं.

त्यांच्या दुकानात जाणं बंद करता आलं असतं. समोर दुसरं मेडिकल होतं की नव्हतं, चार पावलं जास्त चालावं लागलं असतं एवढंच. त्या रागीट माणसांना कोणीतरी हे वेळेत सांगायला हवं होतं, आणि सांगणाऱ्याच्या हातातून कागद हिसकावला जाणार नाही अशी खात्रीही हवी होती. मालेगावचा शुक्रवार आणि अमरावतीची ती रात्र मी एकत्र आठवतो ते यासाठी. खुनाची जबाबदारी खुन्याचीच, त्यात वाटेकरी नाही.

आता दुसऱ्या दाराचं. २०२२ च्या अखेरीपासून महाराष्ट्रात निघालेल्या मोर्च्यांमध्ये मुसलमान विक्रेत्यांकडून काही घेऊ नका अशी भाषणं झाली. करणारे म्हणतात, तेही मालावर बहिष्कार घालतात, आम्हीही घालतो, फरक काय? फरक आर्लाकडे बघून कळतो. आर्लाने मार्च २००६ मध्ये अरबी वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या, व्यंगचित्रांशी आमचा संबंध नाही असं सांगितलं, आणि हळूहळू माल परत मांडणीवर चढला. तिथेही अन्याय झालाच, डॅनिश शेतकऱ्यावर. पण त्या कंपनीला विकायला उरलेलं जग होतं. आठवडी बाजारात केळी घेऊन बसलेल्या माणसाने कुठे जाहिरात द्यायची, आणि नेमकं काय नाकारायचं? त्याने कोणतंही चित्र काढलेलं नसतं. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, असा कायदा करणारं हे देशातलं पहिलं राज्य. पण तो लिहिताना डोळ्यासमोर जातपंचायती होत्या, बाजार नव्हता.

जुलै २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या वाटेवरच्या खाण्याच्या दुकानांवर मालकाचं नाव ठळक लिहा असा हुकूम निघाला. नाव कशासाठी हवं होतं हे सांगायची गरज नव्हती. हातगाडीवाल्यांनीही नावं लिहिली. २२ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने त्याला अंतरिम स्थगिती दिली: काय विकता ते लिहा, कोण आहात ते लिहायची सक्ती नाही.