खजिन्याची अफवा आणि समाजाचे अंतरंग : बुऱ्हाणपूरचा धडा

समाजमाध्यमांच्या परिभाषेत ‘ट्रेंड’ म्हणजे अल्पावधीत एखाद्या विषयाभोवती वेगाने वाढलेली चर्चा. येथे चर्चेच्या एकूण प्रमाणापेक्षा तिच्या वाढीच्या वेगाला महत्त्व असते. त्यामुळे वर्षभर चालणारी पाणीटंचाईची तक्रार मागे राहते आणि दोन दिवसांची खळबळ अग्रस्थानी येते. ट्रेंड हा जनमताचा कौल नव्हे. मात्र समाज कशावर चटकन विश्वास ठेवतो, हे त्यातून दिसते. मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूर जिल्ह्यात मार्च २०२५ मध्ये घडलेला प्रकार याचे बोलके उदाहरण आहे.

छत्रपती संभाजी महाराजांच्या जीवनावरील ‘छावा’ हा चित्रपट १४ फेब्रुवारी २०२५ रोजी प्रदर्शित झाला. मराठ्यांनी १६८१ मध्ये बुऱ्हाणपूरवर केलेल्या स्वारीचे चित्रण त्यात आहे. त्यानंतर काही आठवड्यांतच असीरगड किल्ल्याच्या परिसरातील शेतांत मोगलकालीन सोन्याची नाणी सापडत असल्याची वार्ता पसरली. महामार्गाच्या कामात निघालेली माती शेतांत टाकली गेल्याने या वार्तेला बळ मिळाले. रात्री टॉर्चच्या उजेडात माती उकरणाऱ्या, चाळणाऱ्या गावकऱ्यांच्या चित्रफिती देशभर पाहिल्या गेल्या. काहींनी तर धातुशोधक यंत्रेही आणली होती.

ही अफवा निराधार असली, तरी तिची पार्श्वभूमी खरी होती. फारुकी सुलतानांचे हे नगर पुढे मोगलांच्या दख्खन कारभाराचे प्रमुख केंद्र बनले. ‘दख्खनचा दरवाजा’ म्हणून ओळखला जाणारा असीरगड अकबराने १६०१ मध्ये घेतला. १६३१ मध्ये मुमताज महलचे निधन बुऱ्हाणपुरातच झाले. येथे मोगलांची टांकसाळ होती. त्यामुळे या भूमीत जुने नाणे सापडणे अशक्य नाही. परंतु १६८१ च्या स्वारीत मराठ्यांनी लूट सोबत नेली होती. चित्रपटातील प्रसंगावरून खजिन्याचा नकाशा काढणे ही कल्पनेची झेप होती.

अशा झेपेचा अभ्यास समाजविज्ञानाला नवा नाही. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर पसरलेल्या अफवांचा अभ्यास जमुना प्रसाद यांनी १९३५ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे १९४७ मध्ये गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन यांनी अफवेचे सूत्र मांडले : विषय जिव्हाळ्याचा असावा आणि माहिती संदिग्ध असावी, यांपैकी एक घटक नसेल तर अफवा टिकत नाही. असीरगडला दोन्ही घटक होते. सोने हा सर्वांच्या जिव्हाळ्याचा विषय आणि मातीखाली काय आहे, हे कोणालाच ठाऊक नव्हते. शेजारी खणतो आहे, हे दृश्यच मग पुरावा ठरले. लोक एखादी परिस्थिती खरी मानतात, तेव्हा तिचे परिणामही खरे होतात, हा विल्यम आणि डोरोथी थॉमस यांचा १९२८ चा सिद्धांत येथे शब्दशः प्रत्ययास आला. खजिना काल्पनिक होता. शेतांतील खड्डे खरे होते.

या ट्रेंडचे दुसरे टोक प्रेक्षकांच्या हातातील मोबाइलमध्ये होते. खणणाऱ्यांची थट्टा करणाऱ्यांनी ती चित्रफीत पुढे पाठवली आणि अफवेचा विस्तार केला. केळीच्या बागा आणि यंत्रमाग यांवर पोट भरणाऱ्या या जिल्ह्यात केळीचे भाव, वादळी पावसाने होणारी हानी, मागावरील मजुरी हे प्रश्न देशव्यापी चर्चेत क्वचितच येतात. तेथील माणूस देशाला दिसला, तो अंधारात माती चाळताना. ट्रेंड काय दाखवतो याइतकेच तो काय झाकतो, हेही म्हणूनच तपासावे लागते.

या प्रकारात प्रत्यक्ष हानीचाही धोका असतो. पुरातन वस्तू कोणत्या थरात, कशासोबत सापडली यावर तिचा ऐतिहासिक अर्थ अवलंबून असतो. थर विस्कटले की तो कायमचा नष्ट होतो. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचे पुरलेले धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. कळवणाऱ्याला कायद्याने वाटा मिळू शकतो. लपवणारा तो गमावतो आणि शिक्षेसही पात्र ठरतो. देशभर फिरलेल्या चित्रफितींबरोबर एवढी माहिती पोहोचली असती, तरी त्या गर्दीतील अनेकांच्या ती उपयोगी पडली असती.