माशांसाठी नळाचे पाणी : शुद्धीकरणाचा इतिहास

घरातल्या मत्स्यटाकीसाठी नळाचे पाणी शुद्ध करण्याच्या रीती गेल्या पावणेदोनशे वर्षांत टप्प्याटप्प्याने घडल्या. त्यातले काही टप्पे माशांच्या अभ्यासातून आले, तर काही शहरांच्या पाणीपुरवठ्यात झालेल्या बदलांनी लादले. माणूस पाणी पोटात घेतो. मासा तेच पाणी अखंडपणे कल्ल्यांवरून वाहू देतो. कल्ल्यांच्या अतिशय पातळ त्वचेखाली लगेच रक्त असल्याने पाण्यात विरघळलेला तीव्र पदार्थ त्यांना तत्काळ इजा करतो. त्यामुळे माणसाला निर्धोक असलेले पाणी माशाला घातक ठरू शकते.

घरगुती मत्स्यटाकीची शास्त्रीय सुरुवात लंडनमध्ये झाली. रॉबर्ट वॉरिंग्टन हे तिथल्या औषधविक्रेत्यांच्या संस्थेचे रसायनतज्ज्ञ होते. १८४९ साली त्यांनी काचेच्या एका मोठ्या भांड्यात दोन गोल्डफिश सोडले आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती लावली. वनस्पतीची पाने कुजून पाणी गढूळ होऊ लागले, तेव्हा त्यांनी त्यात गोगलगायी सोडल्या. गोगलगायींनी सडका भाग खाऊन टाकला आणि पाणी पुन्हा निवळले. १८५० साली हा प्रयोग केमिकल सोसायटीपुढे मांडला गेला. वनस्पती आणि प्राणी यांचे प्रमाण जमले की पाणी सतत बदलावे लागत नाही, हे त्यातून दिसले. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यगृह उघडले, आणि १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस यांचे ‘द अ‍ॅक्वेरियम’ हे पुस्तक आल्यावर हा छंद इंग्लंडमधल्या दिवाणखान्यांत पसरला.

त्या काळी लंडनचे पाणी वाळूतून गाळले जाई. १८५२ च्या कायद्याने कंपन्यांवर घरगुती पाणी गाळण्याचे बंधन आले होते. मात्र पाण्यात जंतुनाशक टाकण्याची प्रथा नव्हती. त्यामुळे मासे पाळणाऱ्यापुढचा मुख्य प्रश्न टाकीतच तयार होणाऱ्या घाणीचा होता. सार्वजनिक मत्स्यालयांनी त्यावर पाणी फिरते ठेवण्याचा उपाय काढला. १८७१ साली क्रिस्टल पॅलेस मत्स्यालयात विल्यम आल्फर्ड लॉइड यांनी तळघरातल्या अंधाऱ्या हौदात मोठा साठा ठेवला आणि त्यातले पाणी पंपाने टाक्यांत सतत खेळवले.

घाण नेमकी कशी नाहीशी होते, याचे उत्तर सांडपाण्याच्या आणि शेतीच्या अभ्यासातून मिळाले. १८७७ मध्ये फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्युंत्झ यांनी सांडपाणी वाळूतून हळूहळू पाझरवले, तेव्हा त्यातल्या अमोनियाचे नायट्रेट झाले. क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ही क्रिया थांबली, म्हणजे ती सूक्ष्मजीवांमुळे होत होती. पुढे इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड येथे ही क्रिया दोन पायऱ्यांत होते, आधी अमोनियाचे नायट्राइट आणि मग नायट्राइटचे नायट्रेट, हे दाखवण्यात मोठा वाटा असलेला शास्त्रज्ञ वॉरिंग्टन यांचाच मुलगा होता. त्याचेही नाव रॉबर्ट. १८९० मध्ये सर्गेई विनोग्राड्स्की यांनी हे जिवाणू वेगळे काढले. वडिलांच्या टाकीतली स्वच्छता आणि मुलाने अभ्यासलेले नायट्रीकरण यांची सांगड घरगुती छंदात मात्र फार उशिरा, विसाव्या शतकाच्या मध्यानंतरच, पक्की बसली.

दरम्यान नळाचे पाणीच बदलले. १९०५ साली इंग्लंडमधल्या लिंकन शहरात विषमज्वराची साथ आली, तेव्हा अलेक्झांडर ह्यूस्टन यांनी तिथल्या पाण्यात सातत्याने क्लोरीनयुक्त द्रावण मिसळायला सुरुवात केली. १९०८ मध्ये अमेरिकेतल्या जर्सी सिटीत जॉन लील आणि जॉर्ज फुलर यांनी हीच रीत मोठ्या प्रमाणावर राबवली. १९१६ मध्ये, महायुद्धाच्या काळात पाणी साठवण तलावात चढवण्याचा कोळसा वाचावा म्हणून ह्यूस्टन यांनी लंडनच्या पाण्यातही क्लोरीन घातले. विषमज्वर आणि पटकी यांना आळा बसला, पण मासे पाळणाऱ्यांपुढे नवी अडचण उभी राहिली. गोड्या पाण्यातल्या जीवांसाठी अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने नंतर ठरवलेली दीर्घकालीन मर्यादा लिटरमागे ०.०११ मिलिग्रॅम क्लोरीनची आहे. भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) क्लोरीन घातलेल्या पिण्याच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे लागते. हे प्रमाण त्या मर्यादेच्या सुमारे अठरा पट आहे.

पहिला उपाय साधा होता. पाणी उघड्या बादलीत एक-दोन दिवस ठेवायचे किंवा त्यात हवा खेळवायची, म्हणजे क्लोरीन उडून जातो. घाई असलेल्यांना फोटोग्राफीच्या अंधाऱ्या खोलीतला ‘हायपो’ म्हणजे सोडियम थायोसल्फेट उपयोगी पडला. कापड आणि कागद विरंजित केल्यावर उरलेला क्लोरीन मारण्यासाठी हा क्षार आधीपासून वापरात होता. एक मिलिग्रॅम क्लोरीनला त्याचे साधारण सात मिलिग्रॅम स्फटिक पुरतात आणि परिणाम क्षणात होतो. भारतातल्या दुकानांत ‘अँटीक्लोरीन’ या नावाने मिळणाऱ्या बहुतेक थेंबांत हाच क्षार असतो.

पुढचा पेच क्लोरामाइनने आणला. क्लोरीनमध्ये अमोनिया मिसळून तयार होणारे हे संयुग लांबच्या नळांतही टिकते. कॅनडात ओटावा येथे १९१६ मध्ये त्याचा वापर सुरू झाला. १९७४ मध्ये योहानेस रूक यांनी रॉटरडॅमच्या पाण्यात क्लोरीनपासून क्लोरोफॉर्मसारखी संयुगे बनतात हे दाखवले. १९७९ मध्ये अमेरिकेने त्यांवर मर्यादा घातली, आणि तिथल्या अनेक शहरांनी क्लोरामाइनचा आधार घेतला. क्लोरामाइन बादलीत ठेवून सहजी उडत नाही. हायपोने त्यातला क्लोरीन मरतो, पण अमोनिया मोकळा होतो, आणि तोही माशांना विषारी असतो. म्हणून १९८० च्या दशकात अमोनियालाही बांधून ठेवणारी द्रावणे बाजारात आली. काहींनी अमोनिया शोषणाऱ्या झिओलाइटच्या खड्यांचा वापर केला.

टाकीत बसवायच्या फिल्टरांचा विकासही विसाव्या शतकात झाला. राफाएल फॉन ऑस्ट्रेयको यांनी १९०० च्या सुमारास सक्रिय कोळशाची पेटंटे घेतली होती. तो रंग, वास आणि क्लोरीन काढून टाकतो, पण त्याची क्षमता संपते आणि तो बदलावा लागतो. विसाव्या शतकाच्या मध्यात खडीखाली जाळीदार पट्टी ठेवून एअर पंपाने पाणी खेचणारा फिल्टर लोकप्रिय झाला. खडीवर वाढणारे जिवाणू अमोनियाचे नायट्रेट करत. स्पंज फिल्टर आणि टाकीबाहेरचे डबा-फिल्टर हेही त्याच तत्त्वावर चालतात. म्हणूनच फिल्टरचा स्पंज क्लोरीनयुक्त नळाखाली धुतला, तर ते जिवाणूही मरतात. तो टाकीतून काढलेल्या पाण्यात धुवावा लागतो. यातल्या दुसऱ्या पायरीचे, म्हणजे नायट्राइटचे नायट्रेट करण्याचे, काम नायट्रोबॅक्टर नावाचे जिवाणू करतात असे बराच काळ मानले जाई. १९९८ मध्ये अमेरिकन संशोधकांनी गोड्या पाण्याच्या टाक्यांत ते काम प्रामुख्याने नायट्रोस्पायरा करतात असे दाखवले.

पाण्यातले क्षार हा वेगळा प्रश्न होता. १९३६ साली नामकरण झालेला निऑन टेट्रा आणि डिस्कस यांसारख्या अ‍ॅमेझॉन खोऱ्यातल्या माशांना प्रजननासाठी मऊ, आम्लधर्मी पाणी लागते. सुरुवातीला पावसाचे किंवा ऊर्ध्वपातित पाणी वापरले जाई. सिडनी लोब आणि भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरीराजन यांनी कॅलिफोर्नियात १९५९ च्या सुमारास बनवलेल्या पटलामुळे रिव्हर्स ऑस्मॉसिस, म्हणजेच ‘आरओ’, व्यवहार्य झाले. घरगुती टाक्यांपर्यंत ते १९८० च्या दशकात पोचले. आरओचे पाणी जवळजवळ क्षारमुक्त असल्याने त्यात पुन्हा क्षार घालावे लागतात किंवा ते नळाच्या पाण्यात मिसळावे लागते.

महाराष्ट्रात यांतले कोणते उपाय लागतात, हे पाण्याच्या उगमावर ठरते. मुंबई आणि पुण्याला सह्याद्रीतल्या पावसावर भरणाऱ्या जलाशयांचे पाणी मिळते. ते तुलनेने मऊ असते, म्हणून तिथे मुख्यतः क्लोरीन काढणे पुरते. दख्खनच्या काळ्या खडकातल्या बोअरवेलच्या पाण्यात क्लोरीन नसला तरी कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार पुष्कळ असतात, आणि तिथे मऊ पाण्याचे मासे पाळायचे तर आरओ लागते. महापालिकेचे आणि बोअरवेलचे पाणी एकाच टाकीत मिसळणाऱ्या सोसायट्यांमध्ये पाण्याची प्रत ऋतूनुसार बदलते. तिथे क्लोरीन आणि कठीणपणा या दोन्हींची चाचणी करूनच पाणी टाकीत घालावे लागते.