वेंगुर्ल्याचं बंदर, बेळगावचा पाऊस

साल १८७७. मे महिना संपत आलाय. तुम्ही वेंगुर्ल्याच्या बंदरात गुडघाभर पाण्यात उभे आहात आणि होडीतून उतरणाऱ्या तांदळाच्या गोण्या मोजताय. कमरेला वही, कानावर बोरू. बेळगावच्या एका अडत्याचे तुम्ही मुनीम. गेल्या साली पाऊस गेला, अथणी-गोकाककडची रानं करपली. दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्या बायामाणसांची मजुरी दिवसाला एक पौंड धान्याच्या हिशेबानं ठरतेय. बेळगावला रेल्वे अजून आलेली नाही. बाहेरचं धान्य यायचं ते गलबतानं बंदरात आणि तिथून बैलगाडीनं घाट चढून. पावसाळा लागला की बंदर बंद. हातात उरलेत ते एवढेच दिवस.

उन्हाळाभर दर्याचा नेम चुकला नव्हता. पहाटे जमिनीकडून मतलई सुटायचा आणि त्यावर गलबतं बाहेर पडायची. दुपारी खारा वारा आला की त्यावरच ती आत यायची. आज दुपार कलली तरी वारा नाही. किनाऱ्यावरच्या माडाची झावळीसुद्धा हलत नाही. आणि तरी लाट उंच. एक येते, वाळूवर आपटते. मग इतका वेळ काहीच नाही, की संपलं असं वाटावं. मग दुसरी, पहिलीपेक्षा मोठी.

तांडेल हात कपाळावर धरून दक्षिणेकडे बघतोय. "शेटनू, बेगीन आटपा. दर्यो फुगलो. वारो मागसून येतलो."

बाहेर नांगरलेल्या गलबतावर, फत्तेमारीवर, अजून गोण्या आहेत. तुम्ही शेवटच्या फेरीला होडीत चढता. हा मूर्खपणा आहे, पण मालकाला हिशेब तुम्हीच देणार आहात. होडी लाटेच्या पोटात उतरते तेव्हा बंदर दिसेनासं होतं, टेकडीही दिसत नाही, चारी बाजूंना नुसतं हिरवट काळं पाणी. माथ्यावर आली की वायव्येला खडकांची रांग दिसते आणि तिच्यावर फुटणारा पांढरा फेस. घाटावरच्या माणसाचं पोट ढवळायला एवढं पुरे. फत्तेमारीच्या अंगाला होडी लागते, सुटते, पुन्हा लागते. गोणी नेमकी कोणत्या क्षणी सोडायची ते वरच्या खलाशाला कळतं. एक गोणी मात्र पाण्यात जाते. कोणी काही बोलत नाही. बेळगावात या दिवसांत तिच्यावर किती माणसं जगली असती, हा हिशेब वहीत मांडता येत नाही.

तुम्ही पुढच्या काळातून आलात, म्हणून तांडेलाला नसलेली एक माहिती तुमच्याजवळ आहे. ही लाट इथली नाही. शेकडो मैल दूर, भर समुद्रात, जोराचा वारा सुटलाय. त्यानं उठवलेल्या लाटा वाऱ्याच्या पुढे धावत आल्यात. तो वारा निघतो विषुववृत्ताच्या खालून, मादागास्करच्या पलीकडून. आफ्रिकेच्या किनाऱ्याला घासून उत्तरेला येतो, पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे वळतो आणि अरबी समुद्र तिरपा कापत कोकणावर आदळतो. जमिनीपासून एक-दीड किलोमीटर उंचीवर त्याचा झोत सर्वांत जोरकस असतो. फाइंडलेटर नावाच्या हवामानशास्त्रज्ञानं तो १९६० च्या दशकात नीट मांडून दाखवला. तांडेलाला आफ्रिका ठाऊक नाही, पण वारा मागून येणार हे त्यानं लाटेवरून ओळखलं. मला विचाराल तर त्याचं ज्ञान कमी प्रतीचं नव्हतं.

वारा रात्री येतो. सकाळी होड्या वर ओढल्या जातात, त्यांच्यावर झावळ्यांची शाकारणी होते. बंदर मिटलं. आता थेट नारळी पौर्णिमेपर्यंत कोणी दर्यावर जाणार नाही. तुमच्या गाड्या सावंतवाडी मागे टाकून पारपोली घाटाला लागतात. पुढे त्यालाच आंबोली घाट म्हणतील. अर्ध्या चढणीवर पाऊस गाठतो. थेंब नाहीत, धार. समुद्रावरून आलेली वाफ इथे कड्याला अडते, वर चढते, थंड होते आणि कोसळते. आंबोलीत वर्षाला सरासरी सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून पासष्ट-सत्तर किलोमीटरवरच्या बेळगावात तेराशेच्या आसपास. आणखी पूर्वेला, अथणीकडे, त्याच्याही निम्म्याहून कमी. बैल जसजसे पूर्वेला चालतात तसतसं तुमचं घोंगडं वाळत जातं.

बेळगावच्या पेठेत उतरता तेव्हा लोक गोण्या बघायच्या आधी विचारतात, "दर्या कसा हाय ओ तिकडं?" खवळलाय म्हणताच चेहरे उजळतात. जो वारा बंदर बंद करतो तोच पाऊस आणतो. दर्या नरम राहिला तर होड्या वाचतात आणि शेतं मरतात.

त्या साली वाऱ्याचा जोर टिकला नाही. पावसानं पुढे मोठी ओढ दिली आणि दुष्काळ लांबला. मुख्य कारण अरबी समुद्रात नव्हतं. ते प्रशांत महासागरात होतं. १८७७-७८ चा एल निनो, म्हणजे प्रशांताचं पाणी नेहमीपेक्षा तापणं, हा नोंदींतल्या सर्वांत तीव्र एल निनोंपैकी एक. भारताचं हवामान खातं तेव्हा अवघं दोन वर्षांचं, १८७५ साली स्थापन झालेलं. प्रशांत आणि हिंदी महासागरांवरच्या हवेच्या दाबाचा झोका आपल्या पावसाशी जोडलेला आहे, हे त्या खात्याच्या गिल्बर्ट वॉकर यांनी मांडलं तेव्हा विसाव्या शतकाची दोन दशकं उलटून गेली होती. खडी फोडणाऱ्यांना त्याचा काय उपयोग?

आता परत या. निपाणीत ऑगस्टची सकाळ आहे. तंबाखूची रोपं तरव्यातून उपटून शेतात लावायची आहेत आणि बांधावर मोबाइलवर पावसाचा नकाशा उघडलाय. देवगडहून फोंडा घाट चढून निपाणीला येणारा रस्ता इथून जवळच. त्या वाटेनं हापूस येतो, मासळी येते. पाऊस मात्र रस्ता न विचारता येतो. तो कुठून येतो, हे विचारायची सवय घाटावर राहिलेली नाही. नकाशा आपला जिल्हा दाखवतो, आपण तेवढाच बघतो.

१ जून ते ३१ जुलै या काळात आज पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला बंदी असते. त्या दिवसांत बातम्यांत एक ओळ हमखास येते: समुद्र खवळलेला राहील, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये. बेळगाव-निपाणीकडे ती ऐकली की आपण आवाज कमी करतो. पुढच्या जूनमध्ये करू नका. ती ओळ तुमच्या शेताबद्दलही आहे.