त्रिपुराच्या वाती

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी जुन्या काळचे काही लिहावे, असा आपल्या चिटणीसबाईंचा आग्रह पडला. दिवाळीतील आकाशकंदील आणि पणत्या यांवर पुष्कळांनी लिहिले आहे. मी लिहिणार आहे कोकणातील त्रिपुरी पौर्णिमेविषयी, आणि त्यातही दिव्यांपेक्षा वातींविषयी.

कार्तिकी पौर्णिमेस शंकराने त्रिपुरासुराचा वध केला, ही कथा भगिनींना ठाऊकच आहे. त्या रात्री देवळापुढील दीपमाळ उजळतात. आमच्या रत्नागिरीकडे त्या दगडी खांबालाच त्रिपूर म्हणण्याचा प्रघात. आणि तो ‘लावीत’ नाहीत, ‘पाजळतात’. जेजुरीच्या दीपमाळा आपल्यापैकी अनेकींनी पाहिल्या असतील. गोव्यात मंगेशीचा सात मजली दीपस्तंभ तर प्रसिद्धच आहे. आमच्या गावचा त्रिपूर मात्र जांभ्या दगडाचा, बुटका, पावसाने काळवंडलेला. गुरवाचा मुलगा दगडी हातांवर पाय देत वर चढे आणि खालून आम्ही मुले पणत्या पुरवीत असू. तेल करंजाचे किंवा उंडीचे. त्याच्या कडवट धुराचा वास दुसऱ्या दिवशीही परकराला येई.

पुष्कळ दीपमाळांवर बांधणाऱ्याचे नाव व शक कोरलेला आढळतो. तेलाचीही नोंद जुनी आहे. चाळीसगावजवळील पाटण येथे भास्कराचार्यांच्या नातवाने त्यांचे ग्रंथ शिकविण्यासाठी मठ स्थापिला. तेथील शके ११२८ च्या शिलालेखात दर घाण्यामागे पळी पळी तेल त्या मठास द्यावे, असे जुन्या मराठीत कोरले आहे. पुढे देवळांच्या दिवाबत्तीसाठी जमिनी इनाम मिळाल्या, त्यांचीही कागदपत्रे झाली. दगड कोणी दिला, तेल कोणी दिले, हे आपल्याला कळते. वाती कोणी वळल्या, हे मात्र कोणी कोरून ठेविले नाही.

आमच्या त्रिपुराच्या वाती माझी आत्येआजी वळीत असे. ती लहानपणीच विधवा होऊन माहेरी परतली होती. लाल आलवण, मागल्या पडवीतील एक कोपरा आणि कापसाची टोपली, एवढाच तिचा संसार. परसात देवकापसाचे झाड होते. हे झाड वर्षानुवर्षे टिकते, शेतातल्या कापसासारखे दरसाल पेरावे लागत नाही. बोंडे फुटली की ती हातांनीच सरकी काढी, कापूस पिंजून मऊ करी, बोटांना चिमूटभर राख लावी आणि वात वळी. मला शिकविताना ती सारखी उसवून पुन्हा वळायला लावी. वात सैल राहिली तर तेल भरभर ओढते आणि काजळी धरते. फार पीळ दिला तर तेल वर चढतच नाही. कार्तिकात समुद्रावरून वारा सुटला म्हणजे ही परीक्षा साऱ्या गावासमोर होई.

पणत्यांच्या वातींखेरीज शंकरापुढे जाळावयाची त्रिपुरवात असे, साडेसातशे वातींचा तुपात भिजविलेला जुडगा. आत्येआजीला अक्षरओळख नव्हती. शंभर वाती झाल्या की ती एक चिंचोका बाजूला ठेवी. सात चिंचोके आणि वर पन्नास वाती झाल्या की जुडगा बांधी. आम्ही खोडकर मुलांनी एकदा एक चिंचोका पळविला, तर तिने हाताने जुडगा तोलूनच सांगितले, “शंभर अधिक आहेत गो यात.”

त्रिपूर पाजळण्याचा पहिला मान गावच्या मानकऱ्यांचा, मग सवाष्णींच्या पणत्या. आत्येआजी गर्दी ओसरल्यावर माझा हात धरून देवळात येई. तोवर खालच्या ओळीतील पुष्कळ दिवे मालवलेले असत. ती वर बघून कोणती वात अजून जळते आहे, एवढेच पाही. मी विचारले, “आधी का गो येत नाहीस?” तर म्हणे, “आधी काय बघायचं? जळतात तर सगळ्याच.”

काही वर्षांपूर्वी देवस्थानच्या जमाखर्चाच्या वह्या वाळवी लागली म्हणून उन्हात घातल्या होत्या, तेव्हा मी त्या चाळल्या. दरवर्षीच्या त्रिपुराखाली तेल, पणत्या, गुरवाचा शिधा यांच्या रकमा नीट मांडलेल्या होत्या. वातींची ओळ कोठेच नव्हती. १९६८ च्या पावसाळ्यात आत्येआजी वारली. त्या सालच्या कार्तिकाच्या पानावर पहिल्यांदा लिहिलेले दिसले: ‘वाती, विकत, रुपये दोन.’

आता त्या त्रिपुरावर विजेच्या माळा सोडतात. पणत्या खालच्या दोन ओळींतच लावतात. दिसायला छान दिसते, उगीच नाव ठेवीत नाही. पुण्यात पर्वतीवर आणि कोल्हापुरास पंचगंगेच्या घाटावर मात्र या दिवशी अजून हजारो पणत्या लागतात. वाती आता पाकिटातून मिळतात, त्याही कोठल्या तरी बायकांनीच वळलेल्या किंवा यंत्रावर केलेल्या असतात.

त्या देवकापसाच्या झाडाचे बी मी आणून आमच्या इमारतीच्या कुंपणाशी लाविले. यंदा बोंडे चांगली धरली आहेत. ज्या भगिनींना बी हवे असेल त्यांनी संक्रांतीपूर्वी घरी येऊन न्यावे. वळायचे असल्यास दुपारी तीननंतर यावे, राख माझ्याकडे आहे.