सायकलीचा सांगाडा आणि जिगचा इतिहास

भारतीय अवकाश संशोधनाचा आरंभ सांगताना एक छायाचित्र हमखास पुढे येते: केरळातील थुंबा येथे सायकलीच्या कॅरिअरवर ठेवलेला रॉकेटचा शंकू आणि ती सायकल हाताने ढकलत नेणारी माणसे. याच केंद्रावरून २१ नोव्हेंबर १९६३ रोजी पहिले रॉकेट झेपावले. पाहणाऱ्याची नजर शंकूवर खिळते. सायकलीची दखल कोणी घेत नाही. अचूक यंत्रनिर्मितीचा मोठा इतिहास मात्र तिच्या सांगाड्यातही आहे. त्या इतिहासात ‘जिग’ला, म्हणजे जोडकाम चालू असताना नळ्या ठरलेल्या कोनांत पकडून ठेवणाऱ्या साधनाला, मध्यवर्ती स्थान आहे.

१८८५ मध्ये इंग्लंडातील कॉव्हेंट्री येथे जॉन केम्प स्टार्ली यांनी ‘रोव्हर’ सायकल घडवली. पुढील काही वर्षांत ‘डायमंड’ आकाराचा सांगाडा रूढ झाला. त्याच्या नळ्या ‘लग’ नावाच्या पोलादी खोबणीत बसवून, पिनेने अडकवून पितळेने झाळल्या जात. पितळ सुमारे ९०० अंश सेल्सियसला वितळते, पोलाद १४०० अंशांच्या वर. त्यामुळे नळी शाबूत राही आणि वितळलेले पितळ सांध्यातील फटीत ओढले जाई. कोन लगमध्येच ठरलेला असल्याने प्रत्येक सांधा स्वतःपुरता जिगच होता.

स्वातंत्र्यानंतर मद्रासजवळील अंबत्तूर, सोनिपत, आसनसोल व लुधियाना येथे सायकल उद्योग वाढला. लुधियानात मुंजाल बंधूंच्या हीरो सायकल्सचा आरंभ १९५६ मध्ये वर्षाला ७,५०० सायकलींच्या परवान्यावर झाला. १९८६ मध्ये हीच कंपनी जगातील सर्वांत मोठी सायकल उत्पादक म्हणून गिनेस बुकात नोंदली गेली. एका कारखान्याच्या सांगाड्यात दुसऱ्या कारखान्याचे चाक निमूट बसावे, तर केवळ कारागिराचा हात पुरत नाही. ते माप जिग आणि गेज यांत साठवावे लागते.

१९७० च्या दशकापासून सायकलींत लगविरहित वेल्डिंगचा प्रसार वाढला आणि जिगची जबाबदारीही वाढली. वेल्डिंगमध्ये नळीचाच धातू वितळतो व थंड होताना आकसतो. पोलाद दर अंशाला सुमारे दहा लाखांत १२ भाग आकसते. म्हणजे एक सेंटिमीटरचा पट्टा ८०० अंशांनी निवाला, तर जवळपास ०.१ मिलीमीटर आखूड होतो. २८.६ मिलीमीटर व्यासाच्या नळीची एकच बाजू इतकी आकसली, तर अर्ध्या मीटरवरील तिचे दुसरे टोक पावणेदोन मिलीमीटर सरकते. असा वाक सांगाड्यात राहिला, तर दोन्ही चाके एका प्रतलात राहत नाहीत आणि हात सोडताच सायकल एका बाजूला ओढते.

घरगुती जिगही याच गणितावर उभा राहतो. दणकट लोखंडी तुळई आधाराला घ्यावी. हँडलची नळी लेथवर कातलेल्या दोन शंकूंमध्ये धरावी. शंकू तिचा मध्य आपोआप साधतात. पेडलच्या आसाची नळी संदर्भ मानून घट्ट बसवावी आणि मागच्या चाकाच्या जागी खोटा आस लावावा. दृढ वस्तूला हालचालीची सहा स्वातंत्र्ये असतात. प्रत्येक एकदाच रोखावे. एकच हालचाल दोन ठिकाणी जखडली, तर धातूत ताण साठतो आणि जिग सोडताच सांगाडा वाकतो. म्हणून जिगमध्ये आमनेसामने छोटे टाके मारून सांगाडा सैल केला जातो. मग मागच्या आसाच्या एका टोकापासून हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी ताणतात. सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या दोरीचे अंतर सारखे भरले, तरच पूर्ण वेल्डिंग होते.

२० नोव्हेंबर १९६७ रोजी थुंब्यातूनच रोहिणी-७५ हे भारतात घडवलेले रॉकेट उडाले. त्याचा व्यास अवघा ७५ मिलीमीटर होता. अशा नळीवर पंख तिरके बसले, तर रॉकेटचा मार्ग बदलतो. इतिहासात उड्डाणाची तारीख राहते. माप धरून ठेवणारी साधने घडवणाऱ्या कारागिरांची नावे सहसा राहत नाहीत. जुना जिग भंगारात जातो, तेव्हा त्यात साठवलेले ज्ञानही जाते. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी कार्यशाळेतील जिगचे रेखाटन व मापे वहीत उतरवून ठेवली, तर त्यातील काही निश्चित वाचेल.